गाडीखान्याचं नाव

‘तू बोल.’

‘मी कशाला? तू बोल. तुझ्या दुकानात येतात त्या दर महिन्याला.’

‘रिचार्ज मारायला येतात गं. तू बाईमाणूस आहेस, तू बोल.’

मी आणि सादिक मालनकाकूंच्या दारात उभे, चपला काढलेल्या, आणि आमचं हे चाललेलं. हळू आवाजात. म्हणजे आम्हाला वाटत होतं हळू. तर आतून काकूंचा आवाज आला, ‘कोन हाय? आत तरी या, न्हाईतर भांडायला लांब तरी जावा.’

सादिकच्या हातात केळी होती. निघताना तो म्हणाला होता, पेढे घेऊ का, आणि मी त्याच्यावर भर रस्त्यात ओरडले होते, की अरे असल्या कामाला पेढे नेतात का? मग काय न्यायचं? नारळ नको, हार तर नकोच नको. शेवटी केळी घेतली. दवाखान्यात नेतात तशी.

थांबा, मी मधनंच सुरू केलं. आधी गाडीखाना सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

आमचं जांभूळगड म्हणजे एकेकाळचं संस्थान. संस्थान कसलं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. पण राजेसाहेबांना हौस दांडगी. नदीकडच्या अंगाला त्यांनी बाग केली आणि बागेत गाडीखाना बांधला. घोड्याच्या बग्ग्या ठेवायला हो. काळ्या दगडाच्या पाच कमानी, आणि एकेक कमान अशी उंच की बग्गीवर छत्र धरून माणूस उभा राहिला तरी आत जाईल. पुढं बग्ग्या गेल्या, राजेसाहेब गेले, बाग नगरपालिकेकडं आली, आणि पालिकेनं काय केलं, तर कमानी विटांनी बुजवल्या, दगडाला गुलाबी ऑइलपेंट फासला आणि आत मोडक्या घसरगुंड्या, डासांच्या धुराचं यंत्र, ब्लिचिंग पावडरची पोती असलं सगळं कोंबलं. आम्ही लहानपणापासून त्याला कचराखानाच म्हणायचो.

आणि मग हे धैर्यशीलच्या डोक्यात शिरलं.

धैर्यशील सुतार, मालनकाकूंचा मुलगा. नाव एवढं भारदस्त आणि माणूस काडीसारखा. आम्ही तिघं शाळेपासूनचे, मी, सादिक आणि तो. तो बोटीवर फिटर होता. म्हणजे सहा-आठ महिने समुद्रावर आणि मग सुट्टीला गावात. सुट्टीत बाकीची बोटीवरची पोरं बुलेट घेऊन फिरायची, हा बागेत बसायचा. एक दिवस वॉचमनला चहा पाजून हा गाडीखान्यात शिरला आणि मला फोन, आत्ताच्या आत्ता ये. मला वाटलं साप-बीप निघाला. गेले धावत. तर हा आत पोत्यांच्या ढिगावर उभा.

‘तृप्ती, वर बघ. खालचं काही बघू नकोस, फक्त वर बघ.’

वर छपराला तोलणाऱ्या सागवानी कैच्या. एकाला एक जोडत गेलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कौलांच्या फटीतनं उन्हाच्या रेघा. त्याच्या आजोबांनी म्हणे त्या एकदा दुरुस्त केल्या होत्या. ‘कुठं वाळवी नाही बघ,’ म्हणाला. ‘हे आपण लोकांसाठी उघडायचं. आपलं आपण.’

आणि मग सुरूच झाला ना तो. एका कमानीत अभ्यासिका, कारण आमच्याकडं पोरींना घरी अभ्यासाला जागा नसते, टीव्ही चालू, पाहुणे चालू. एका कमानीत बालवाडी. एकीत म्हाताऱ्यांना पेपर वाचायला. एकीत नाटकाच्या तालमी. ‘आणि पाचवी?’ मी विचारलं. म्हणाला, ‘पाचवी मोकळी. माणसानं यावं, बसावं, काही करू नये.’

सादिक म्हणाला, ‘म्हणजे तुझ्यासाठी.’

मी जास्त लांबण लावत नाही. त्यानं पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, सुट्टी आली की झिजवायचा, तो नसला की आम्ही. मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून एका इंजिनिअरकडं ड्रॉइंग काढत होते, त्यामुळं नकाशे माझ्याकडं आले. एका योजनेतनं निधी मिळाला, कोल्हापूरच्या एका मॅडमनी फुकट सल्ला दिला. त्या म्हणाल्या, जुन्या भिंतीला सिमेंट लावाल तर मला तोंड दाखवू नका, चुनाच पाहिजे. आणि चुना म्हणजे असा की भट्टीतनं आणायचा, पाण्यात विझवायचा, खड्ड्यात घालायचा आणि वर पाणी धरून मुरू द्यायचा. जेवढा मुरेल तेवढा चांगला. घाई केली की भिंत फोड आल्यासारखी फुगते. फक्त पाणी आटू द्यायचं नाही. उघडा पडला की मेला चुना, दगड झाला.

धैर्यशीलनं बोटीवर जायच्या आधी गाडीखान्याच्या मागं खड्डा खणला. चुना विझवताना खदखदा उकळतो, हा काठीनं ढवळतोय, भुवया पांढऱ्या झालेल्या. म्हणाला, ‘मी येईपर्यंत मुरू दे. आलो की गिलावा.’

तो आला नाही.

फोन आला कंपनीचा. बोटीवर सकाळची हजेरी झाली तेव्हा एक माणूस कमी होता. कुठं, तर हिंदी महासागरात. बोट माघारी वळवली, शोधलं, दुसऱ्या बोटींनी पण शोधलं. आणि मग थांबले. एवढंच. कसा पडला, का पडला, काही नाही. त्याची बॅग तेवढी आली.

मालनकाकूंचा नवरा आधीच वारलेला, हा एकुलता एक. भावकी जमली. आमच्याकडं असं आहे, माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग पुढचं सगळं दहावं-तेरावं. धैर्याचा चुलता पानं घेऊनच आला होता. काकूंनी ती पानं उचलली आणि शेजारणीच्या शेळीपुढं टाकली. म्हणाल्या, ‘सापडला न्हाई म्हंजी गेला न्हाई.’ चुलत्यानं समजावलं, गुरवानं समजावलं, नाही म्हणजे नाही. आणि तेव्हापासून दर महिन्याला सादिकच्या दुकानात यायच्या आणि धैर्याच्या नंबरला रिचार्ज मारून जायच्या. नंबर बंद पडला आणि दुसऱ्या कुणाला गेला तर? त्यानं फोन कुठनं करायचा? सादिक दर वेळी मारून द्यायचा.

काम मात्र थांबलं नाही. माझी आई म्हणायची, ‘गाडीखान्याशीच लग्न लाव एकदाचं.’ कारण स्थळं यायची आणि मी म्हणायची, काम होऊ दे, मग बघू. हे पोर शिक्षक आहे, काम होऊ दे. हा पुण्यात आहे, काम होऊ दे. तीन पावसाळे गेले तसे.

आणि एकदाचं काम झालं! विटा निघाल्या, तो गुलाबी रंग ब्रशनं घासून घासून काढला, खालनं काळा दगड असा उघडा पडला ना, की आम्ही येड्यासारखे त्यावर हात फिरवत बसलो. गिलावा झाला. दारं बसली. आता उघडायचं, तर पालिकेत भांडण. नाव कुणाचं द्यायचं? एक पार्टी म्हणे माजी नगराध्यक्षांचं, दुसरी म्हणे राजघराण्यातल्या आजीसाहेबांचं. कुणी मागं हटेना. कुलूप तसंच. वर निवडणूक तोंडावर, आचारसंहिता लागली की सगळंच बंद. आणि एका केटररवाल्याचा अर्ज आधीच पडला होता, की जागा नुसती पडून आहे तर भटारखान्याला द्या.

तर पालिकेनं बैठक बोलावली, तिथं सादिक उठला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणाला, ‘ज्यानं हे सुरू केलं त्याचं नाव द्या की. धैर्यशील सुतारचं.’

दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणालाच हरायचं नव्हतं, आणि यात कुणीच हरत नव्हतं. टेबलं वाजवली लोकांनी. आणि मला, खरं सांगते, एवढा आनंद झाला! त्याचं नाव दगडात कोरलेलं. मी तिथंच मनातल्या मनात अक्षरांची उंची पण ठरवून टाकली.

मग मुख्याधिकारी साहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘कल्पना उत्तम. पण हयात माणसाचं नाव वास्तूला देत नाहीत. नावापुढं कैलासवासी लागेल. आणि ऐकतो ते असं, की त्यांच्या आईंचं म्हणणं वेगळं आहे. उद्या ऐन समारंभात त्यांनी येऊन आकांत केला तर? तेवढं त्यांच्या तोंडून हो आणा, बाकी मी बघतो.’

म्हणून आम्ही काकूंच्या दारात. केळी घेऊन.

आता आत काय होतं, तर काकूंच्या पुढच्या खोलीत मिरचीकांडप. चटणी कुटायचं यंत्र. अख्ख्या गल्लीची चटणी तिथंच व्हायची. धाडधाड मुसळं वरखाली, हवा सगळी लाल, आत पाय टाकला की सादिकला शिंका सुरू. काकूंच्या तोंडाला पदर बांधलेला, फक्त डोळे दिसत होते.

‘बसा. केळी कशाला आनली? मी काय आजारी हाय?’

‘नाही काकू, असंच,’ सादिक शिंकला.

‘असंच कोन कुनाला केळी देत न्हाई. बोला.’

मी बोलले. एका दमात. गाडीखाना झाला, भांडण झालं, सादिक उठला, टेबलं वाजली. काकू ऐकत होत्या. डोळे असे मोठे झाले त्यांचे. ‘माझ्या धैर्याचं नाव? सरकारांच्या बागंत? त्याचा आज्जा तिथं रोजानं काम करीत हुता की गं!’

‘हो काकू. मोठी पाटी. दगडाची.’

‘मग लावा की. इचारायचं काय त्यात?’

मी सादिककडं बघितलं. सादिक केळ्यांकडं बघत होता. ‘काकू, त्या नावापुढं…’ आणि त्याला शिंक आली. मग अजून एक आली. त्यातली एक खोटी होती, मला माहितीय.

‘नावाफुडं काय?’

‘कैलासवासी लिहावं लागेल,’ मी म्हटलं. ‘तसा नियम आहे.’

यंत्र चालूच होतं. काकू उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. मुसळं एकेक करून थांबली. इतकं शांत झालं त्या खोलीत, की बाहेर कुणीतरी बादली आपटली ते ऐकू आलं. त्यांनी तोंडावरचा पदर सोडला.

‘म्हंजी माझ्या तोंडनं वदवून घ्याया आलाय.’

‘काकू, तसं नाही—’

‘तसंच हाय. भावकीला जमलं न्हाई, गुरवाला जमलं न्हाई. आन तुमी केळी घिऊन आलाय.’

माझ्या डोळ्यातनं पाणी येत होतं, पण तिथं सगळ्यांच्याच येतं, त्यामुळं त्याचं काही नाही.

‘जावा,’ काकू म्हणाल्या. ओरडून नाही हं. साधंच.

आम्ही उठलो. सादिकनं चपलेत चुकीचा पाय घातला, माझ्याच चपलेत. तेवढ्यात मागनं आवाज आला, ‘थांबा. मी अजून बघितला न्हाई त्यो गाडीखाना. एवढं नाव लावायलाय, काय हाय तरी बघू द्या.’

त्यांनी हात धुतले, पदर झटकला, लाल धूर उडाला, आणि आल्या तशाच. सादिक पुढं किल्ली घेऊन, मधे काकू, मागं मी.

बागेत दुपारचं कुणी नव्हतं. सादिकनं मधल्या कमानीचं दार उघडलं. काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी सांगायला लागले, म्हणजे मला गप्प बसवेना, की काकू इथं अभ्यासिका, इथं बालवाडी, हे असं, ते तसं. त्या मान वर करून कैच्यांकडं बघत होत्या. मग त्यांनी दाराच्या फळीवर हात ठेवला.

‘दारं कुनी केली?’

‘हुपरीच्या एका मिस्त्रींनी.’

‘धैर्यानं केली असती तर बिजागरी आत घातली असती. त्याच्या बापाची तशी सवय हुती.’ मग सादिकला म्हणाल्या, ‘जा रं, तिघांस्नी चहा सांग.’

‘काकू, इथं जवळ टपरी नाही, स्टँडपर्यंत—’

‘मग स्टँडपातुर जा.’

तो गेला. काकू आत आल्या, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मीही बसले. त्यांनी तळहात भिंतीवर फिरवला. तो गिलावा असा गुळगुळीत आणि गार लागतो ना, उन्हाळ्यातसुद्धा.

‘ह्यो चुना?’

‘धैर्यानं भिजवलेला. जायच्या आधी. मागं खड्डा आहे बघा, त्यात.’

‘एवढी वरसं? वाळला न्हाई?’

‘पाणी धरलं की नाही वाळत. मी घालत होते.’

‘रोज?’

‘उन्हाळ्यात रोज. एरवी एक दिवसाआड.’

काकूंचा हात भिंतीवर थांबला. माझ्याकडं बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या,

‘म्हंजी तू बी.’

मी मान खाली घातली.

तुम्हाला म्हणून सांगते, आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. सादिकला पण नाही. तो सुतार, आम्ही जैन, माझ्या वडलांचा स्वभाव तसा. धैर्या म्हणायचा, या फेरीला परत आलो की मी स्वतः येतो तुमच्या घरी, मार खायची तयारी ठेवून. एवढंच ठरलं होतं आमचं. त्यामुळं तो गेला तेव्हा, म्हणजे ते झालं तेव्हा, मला रडायला पण कुठं जायचं कळेना. मैत्रीण म्हणून जेवढं रडायची सोय होती तेवढी रडले. बाकीचं राहिलं.

‘तुम्हाला माहिती होतं?’ मी विचारलं.

‘सुट्टीवर आला की रोज बागंत. सुताराचं पोर, बागंत काय फुलं हुंगाय जाईल?’ आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. ‘कोन हाय ते ठाव नव्हतं. मग तुझी आई आली.’

‘माझी आई?’

‘संक्रांतीला. वाण घिऊन आलती. त्याआधी कवा माझ्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता तिचा. बसली, चटणीचं बोलली, हवापान्याचं बोलली. आन जाताना दारात म्हनली, मालनताई, माझी लेक येकबी स्थळ बघंना. तुमीच कायतरी करा. म्या म्हनलं, मी काय करनार? तर म्हनली, तुमी म्हनला की त्यो येनार न्हाई, तर ती ऐकंल. आमचं कुनाचं ऐकत न्हाई.’

मला आईचा राग यावा ना? नाही आला. मला नुसती ती दिसत होती, वाणाचं ताट घेऊन, त्या लाल धुरात बसलेली.

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘घालवून दिली. म्हनलं, माझं पोर मारून तुझ्या लेकीचं लगीन करती व्हय?’ काकूंनी पदराच्या टोकानं हात पुसला. ‘लई वाईट बोलली मी. ती बिचारी गेली गुमान.’

बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता. पाइपचा आवाज येत होता.

‘वय काय गं तुझं?’

‘सव्वीस.’

‘हं.’ काकूंनी परत भिंतीवरनं हात फिरवला. ‘आला आसता तर काय म्हनला आसता तुला?’

‘काकू, आला तर—’ मी भिंतीकडं बघत म्हटलं, ‘तो आला आणि मी नसले तर?’

आणि तेव्हा काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिखटाचा वास होता त्याला.

‘आला तर मी हाय की. वाट बघायला येक मानूस बास हाय, पोरी. दोघी कशाला?’

मी अशी रडले ना. भिंतीकडं तोंड करून. मी म्हणत होते, नको काकू, नावच नको, काहीच नको, जाऊ दे केटररला, करू देत भटारखाना. आणि काकू मला रागवायला लागल्या, ‘आन मग त्या पोरी अभ्यास कुठं करायच्या? भजी तळायला बांधलाय व्हय एवढा? गप. गप म्हंते ना.’

सादिक आला तेव्हा चहा गार झालेला, प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या दोघींची तोंडं बघून तो दारातच थबकला. मला वाटतं तेव्हाच त्याला सगळं कळलं, पण तो सादिक आहे, कधी बोलला नाही. म्हणाला, ‘काकू, राहू दे ते. मी सांगतो साहेबांना.’

‘काय सांगतोस? लावा म्हन. जे काय लावायचं ते लावा. आन आक्षर मोठं काढाय सांग, मला चष्म्याबिगर वाचाय आलं पायजे.’

तर समारंभ ठरला. आठवडाभरात, आचारसंहितेच्या आधी. पाचही कमानींना झेंडूच्या माळा, माइकची शिट्टी, राजघराण्यातले आत्ताचे वारस गॉगल घालून आलेले, दोन्ही पार्ट्या पहिल्या रांगेत आणि मधे काकूंची खुर्ची. काकूंनी नवीन लुगडं नेसलं होतं, हिरवं. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. कुणीतरी म्हणालं, ती कमिटीची खुर्ची आहे. काकू म्हणाल्या, असू दे. मागं चौथ्या रांगेत माझी आई होती, मी वळून बघितलं नाही.

पडदा बाजूला झाला. कै. धैर्यशील सुतार लोकभवन. टाळ्या वाजल्या. काकूंनी पण वाजवल्या, हळू, दोनदा.

मग निवेदन करणारे पाटील सर माइकवर आले. आमच्या शाळेतलेच सर, आवाज असा घनगंभीर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्याकडं ते असतंच ना, सांगायला कशाला लागतं. म्हणाले, ‘ज्यांचं नाव या वास्तूला दिलं ते आज आपल्यात नाहीत. दिवंगत धैर्यशील सुतार यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.’

खुर्च्या सरकल्याचा आवाज. अख्खी बाग उठली. सादिक समोर माइकच्या बाजूला उभा होता, त्यानं मान खाली घातली. माळीसुद्धा पाइप टाकून उभा राहिला.

काकू उठल्या नाहीत.

मांडीवर शाल, शालीवर नारळ, आणि नजर समोर. बसलेल्या तशाच. आणि मीही उठले नाही. उठवेचना. मला वाटलं, उठले की झालं. आत्तापर्यंत जे काही झालं, पाटी, पडदा, टाळ्या, ते सगळं दगडावर होतं. उठायचं मला होतं. मागनं कुणीतरी माझ्या खांद्याला बोट लावलं. मी तशीच. एवढ्या माणसांत आम्ही दोघीच बसलेल्या, आणि मला बरं वाटत होतं, काय सांगू, पहिल्यांदाच बरं वाटत होतं, की आहोत ना आम्ही दोघी.

तेवढ्यात माझ्या कोपराखाली हात आला. काकूंचा.

‘ऊठ,’ हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली.

‘ऊठ पोरी.’

‘तुम्ही?’

‘मी आई हाय. मी बसली तरी कोन काय म्हनत न्हाई. तू ऊठ.’

आणि त्यांनी उचललं मला. खरंच उचललं, मिरची कुटणारा हात तो, ताकद होती त्यात. नारळ घरंगळून खाली गेला, कुणी घेतला नाही. मी उभी राहिले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखी, मान खाली घालून. खाली काकूंचं डोकं दिसत होतं मला, भांग, आणि त्यावरनं सरकलेला हिरवा पदर.

दोन मिनिटं म्हणे. काकूंनी माझ्या कोपराखालचा हात काढला नाही. मला आधार म्हणून नव्हता तो. मी परत खाली बसू नये म्हणून होता.